गहाण घरावरची पदवी

जून महिना लागला की मीरा रोड पूर्वेच्या नया नगरात झेरॉक्सच्या दुकानांपुढे एक निराळीच गर्दी दिसू लागते. हातात पदवीच्या गुणपत्रिका, पासपोर्ट, वडिलांची प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि या साऱ्यांच्या वर, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला, घराचा नोंदणीकृत करारनामा. परदेशी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी निघालेल्या मुलामुलींची ही गर्दी असते. गुणपत्रिकेची प्रत निघते तेव्हा मुले आपसात बोलत उभी असतात. करारनाम्याची प्रत निघताना मात्र बाप दुकानदाराच्या हातावरची नजर काढत नाही. मुलाला परदेशी नेणारा खरा कागद या दोहोंपैकी कोणता, हे त्या बापाला पुरते ठाऊक असते.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२३ साली जवळजवळ ८ लाख ९३ हजार भारतीय शिक्षणासाठी देशाबाहेर गेले; २०२४ साली हा आकडा ७ लाख ५९ हजारांवर आला. वर्तमानपत्रांनी या घसरणीवर बरेच लिहिले. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या संख्येवर घातलेली मर्यादा, त्याच महिन्यापासून ब्रिटनने बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत आणण्यास केलेली मनाई, अशी तिची कारणेही दिली गेली. तथापि जे गेले ते कशाच्या बळावर गेले आणि ज्यांना प्रवेश मिळूनही जाता आले नाही ते कशापायी राहिले, याची नोंद कोणत्याही खात्यात ठेवली जात नाही. ही नोंद नया नगरसारख्या वस्तीत घरोघरी सापडते.

या वस्तीचा इतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण गहाण पडणारे घर कोठून आले हे त्यावाचून कळणार नाही. मिठागरे आणि भातखाचरे यांच्या कडेला १९८० च्या सुमारास या वसाहतीची उभारणी सुरू झाली. आखाती देशांत गवंडीकाम, सुतारकाम, वाहनचालकाचे काम करणाऱ्या अनेकांनी तेथील कमाईतून येथे खोल्या घेतल्या. त्यांत रत्नागिरी-रायगडकडील कोकणी मुसलमान होते आणि उत्तर प्रदेशातून आलेले कारागीरही होते. पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनी मुंबई उभी चिरली. दंगलीत होरपळलेल्या वस्त्यांतून माणसे हाती येईल त्या किमतीला राहती जागा विकून येथे आली. ज्यांच्या गाठी दोन पैसे होते त्यांनाही मुंबईच्या चांगल्या सोसायट्यांत नाव ऐकताच जागा ‘आत्ताच गेलेली’ असे, आणि आजही असते. म्हणजे नया नगरातील पुष्कळ घरे हौसेने घेतलेली नाहीत. ती भयाने आणि नकाराने घ्यायला लावलेली आहेत. अशा घरावर आता दुसऱ्या पिढीच्या शिक्षणाचा भार पडत आहे.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची हकिकत येथे देतो. वडील रेडिमेड कपड्यांच्या शिलाईचे छोटे काम करतात. १९९३ नंतर जोगेश्वरीची खोली विकून त्यांनी नया नगरात दोन खोल्यांची सदनिका घेतली. थोरली मुलगी शिकली, पहिल्या वर्गात पदवीधर झाली आणि तिला ब्रिटनमधील एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. फी आणि राहण्याचा खर्च मिळून हिशेब तीस लाख रुपयांपर्यंत गेला. मुलगी आनंदली, घर मात्र त्या रात्री जेवले नाही, असे तिची आई सांगते.

बँकांच्या संघटनेने घालून दिलेल्या नमुना योजनेनुसार साडेसात लाखांपेक्षा अधिक शैक्षणिक कर्जाला मूर्त तारण लागते. काही बँका निवडक नामांकित विद्यापीठांच्या यादीपुरती सवलत देतात. या मुलीचे विद्यापीठ यादीत नव्हते. तेव्हा सदनिकेचा कागद बाहेर निघाला. बँकेच्या वकिलाने शोध घेतला आणि दोन उणिवा काढल्या: इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही, आणि जमीन अद्याप सोसायटीच्या नावे झालेली नाही. या दोन्ही उणिवांना घरमालक जबाबदार नाही. इमारत बांधून, पैसे घेऊन निघून गेलेला बिल्डर जबाबदार आहे, आणि त्याला निघून जाऊ देणारे शासन. मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद कायद्यात आहे; परंतु त्यासाठी लागणारी कागदपत्रे, वकिलाची फी आणि हेलपाटे निम्न मध्यमवर्गीय सोसायटीच्या आवाक्यातले नसतात. तीन आठवड्यांनी बँकेने अर्ज परत केला. लेखी कारण ‘तारण अपुरे’ एवढेच होते. तोंडी मात्र कारकुनाने सहानुभूतीने सांगितले की, साहेब, एरिया पण बघावा लागतो.

‘एरिया’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. न्या. राजिंदर सच्चर यांच्या समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले होते की, मुसलमानांची दाट वस्ती असलेले काही भाग बँकांनी आपल्या हिशेबी ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवल्याचे समितीच्या कानावर आले असून तेथे कर्ज सहजी दिले जात नाही. त्याच अहवालानुसार वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर वा पदविकाधारकांचे प्रमाण चार टक्क्यांहूनही कमी होते. एकंदर लोकसंख्येत ते सात टक्क्यांच्या आसपास होते. हे दोन आकडे अहवालाच्या दोन निरनिराळ्या प्रकरणांत आहेत. नया नगरात ते एकाच टेबलावर समोरासमोर येतात.

आणि घराची किंमत म्हणजे केवळ चौरस फुटांचा भाव नव्हे. अयोध्येतील सोहळ्याच्या आदल्या रात्री, २१ जानेवारी २०२४ रोजी, या वस्तीत वाहनांच्या मिरवणुकीवरून हाणामारी झाली. पुढल्या दोन दिवसांत मीरा रोडच्या रस्त्यांवर जमाव फिरला, वाहने आणि दुकाने फोडली गेली, आणि २३ जानेवारीला महापालिकेचे बुलडोझर हैदरी चौक परिसरात येऊन अनधिकृत ठरवलेली दुकाने पाडून गेले. पूर्वसूचना आणि पंधरा दिवसांची मुदत दिल्यावाचून पाडकाम करू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. तोवर त्या चौकातील ढिगारे उचलून दहा महिने लोटले होते. ज्या वस्तीच्या भिंतींचा भरवसा राज्यसंस्थाच डळमळीत करते, तेथील भिंती तारण म्हणून बँकेने कोणत्या भावाने घ्याव्यात? बँकेचा मूल्यमापक हा प्रश्न विचारत नाही, तो फक्त आकडा कमी लिहितो.

या कुटुंबासाठी एके काळी एक आधार होता. केंद्राने २०१३-१४ साली ‘पढो परदेश’ नावाची योजना सुरू केली होती. अल्पसंख्याक समाजांतील ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत आहे, त्यातील मुलाने परदेशी पदव्युत्तर वा संशोधनाच्या अभ्यासक्रमासाठी वीस लाखांपर्यंत कर्ज घेतले, तर अभ्यासाचा काळ आणि त्यानंतरची सवलतीची मुदत यांचे व्याज सरकार भरत असे. पस्तीस टक्के लाभ मुलींसाठी राखून ठेवलेला होता. योजना काही क्रांतिकारक नव्हती. तारणाचा प्रश्न तिने सोडवला नव्हता आणि मुद्दल फेडायचे ते विद्यार्थ्यालाच होते. परंतु वीस लाखांवर दहा टक्क्यांनी वर्षाला दोन लाख व्याज होते. ते डोक्यावरून उतरले की घर गहाण टाकताना हात थोडा कमी कापतो. २०२२-२३ पासून ही योजना बंद करण्यात आली. त्याच सुमारास, डिसेंबर २०२२ मध्ये, संशोधक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीही बंद झाल्याचे लोकसभेत सांगण्यात आले. कारण दिले गेले की ती इतर योजनांशी परस्परव्याप्त होते. परस्परव्याप्तीचा हा शोध नेमका दुर्बलांच्या ताटाशीच कसा लागतो, हे एक कोडे आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू केली, तिचे आम्ही स्वागतच करतो. पण जागा किती? २७. मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती, जैन, पारशी, शीख आणि ज्यू अशा सर्व समाजांना मिळून सत्तावीस. २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या मुसलमानांची संख्या राज्यात १ कोटी ३० लाखांच्या घरात आहे. शिवाय विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेंत असले पाहिजे. ही क्रमवारी एक खाजगी परदेशी कंपनी प्रसिद्ध करते. आपल्या गरीब विद्यार्थ्याची पात्रता त्या कंपनीच्या कोष्टकावर टांगून ठेवण्यात शासनाला अवघडल्यासारखे वाटत नाही, याचे नवल वाटते.

येथे आमचे काही जुने समाजवादी स्नेही एक आक्षेप घेतील आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतील, जिल्हा परिषदेच्या शाळांना शिक्षक नाहीत, विद्यापीठांतील प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत. अशा वेळी परदेशी जाणाऱ्यांसाठी सार्वजनिक पैसा का मागता? बुद्धिमान मुले एकदा गेली की परत येत नाहीत. देशाने शिकवायचे आणि फळ इंग्लंड-अमेरिकेने चाखायचे, हा व्यवहार कोणत्या समाजवादात बसतो? सत्तरीच्या दशकात अशाच नियतकालिकांतून आम्हीही हेच लिहिले आहे. आज त्या भूमिकेची फेरतपासणी करणे आम्हाला आवश्यक वाटते, आणि त्यासाठी १९१३ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती आणि तिच्यासोबत एक करारनामा होता: शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करावी. हा करारही एक बंधनच होता. पण ते परत येण्याचे बंधन होते. १९१७ साली ते परतलेही. विद्वत्तेने भरलेला तो तरुण बडोद्यात नोकरीवर रुजू झाला आणि त्याला राहायला घर मिळेना. पारशांच्या धर्मशाळेतून त्याला हाकलण्यात आले. करार संस्थानने मोडला नाही आणि आंबेडकरांनीही मोडला नाही. तो जातिव्यवस्थेने मोडला. नकाराला कंटाळून ज्यांनी मीरा रोड गाठले, त्यांना ही कथा परकी वाटणार नाही. पुढे १९२० साली अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी ते लंडनला गेले ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून उसने घेतलेले पैसे यांवर. म्हणजे कर्ज त्यांनीही काढले होते. परंतु धनको मित्र होता, आणि त्या कर्जापायी कोणाचे छप्पर गहाण नव्हते.

आता आजचा करार पाहा. बँकेने परत पाठवलेल्या मुलीला खाजगी वित्त कंपनी विनातारण कर्ज द्यायला तयार असते, पण तेरा टक्क्यांच्या आसपास. तीस लाखांवर तेरा टक्के म्हणजे वर्षाला ३ लाख ९० हजार, महिन्याला साडेबत्तीस हजार रुपये, आणि हे केवळ व्याज. मुंबई-ठाण्यात सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम सुरू करणाऱ्या मुलीच्या पगारातून हप्ता जाऊन काय उरेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. रुपयांच्या पगारातून पौंडांचे कर्ज फिटत नाही. म्हणून शिक्षण संपल्यावर तिला परत येता येत नाही. मायदेशाविषयी ममत्व नाही म्हणून नव्हे, तर परतणे परवडत नाही म्हणून. सयाजीरावांच्या कराराने विद्यार्थ्याला घराकडे बांधले होते. वित्त कंपनीचा करार त्याला घरापासून तोडतो. ज्याला आपण बुद्धीची निर्यात म्हणून दोष देत आलो, तिचे एक मोठे कारण हे व्याज आहे. बुद्धी परत हवी असेल तर शिक्षण सार्वजनिक पैशाने आणि परतीच्या अटीवर द्यावे लागेल.

आणि तिकडचे दारही मिटत चालले आहे. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षणानंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणारी दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी दीड वर्षावर आणण्याचे ठरले आहे. व्हिसासोबत आरोग्य अधिभार म्हणून दरसाल ७७६ पौंड आधीच भरावे लागतात. राहण्याच्या खर्चाचे नऊ महिन्यांचे पैसे सलग अठ्ठावीस दिवस खात्यात दाखवावे लागतात. कर्ज पुरे मंजूर नसेल तर या अठ्ठावीस दिवसांपुरते आप्तांकडून गोळा केलेले पैसे, हा नया नगरातील वेगळाच एक भिशीचा प्रकार होऊन बसला आहे. जर्मनीत बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत फी नाही, ही चांगलीच गोष्ट. पण तेथेही वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे बारा लाख रुपये, गोठवलेल्या खात्यात ठेवल्यावाचून व्हिसा नाही. अमेरिकेने तर २०२५ च्या मे-जूनमध्ये ऐन हंगामात तीन आठवडे विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणेच थांबवले होते. परत येणे परवडत नाही आणि तिकडे राहू देत नाहीत, अशा चिमट्यात सापडणारी ही पिढी आहे.

जयप्रकाश नारायण १९२२ साली अमेरिकेत गेले तेव्हा त्यांनी कॅलिफोर्नियात द्राक्षमळ्यांत मजुरी केली, पुढे हॉटेलांत बशा विसळल्या. बर्कलेच्या विद्यापीठाने फी दुप्पट केली तेव्हा ते आयोवाला गेले, आणि १९२९ साली ओहायोहून एम. ए. होऊन परतले. आजही शेकडो मुले बशा विसळतात. फरक इतकाच की तेव्हा मजुरीतून फी निघत असे. आज ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांवर काम करण्यास मनाई आहे आणि वीस तासांच्या मजुरीतून खोलीचे भाडे निघाले तरी पुष्कळ.

लोहियांचे स्मरणही येथे अपरिहार्य आहे. बर्लिनच्या विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेटसाठी विषय घेतला तो भारतातील मिठावरील कराचा. आंबेडकरांनी कोलंबियात १९१६ साली वाचलेला निबंध भारतातील जातींविषयी होता. परदेशी जाऊन आपल्याच देशाचा प्रश्न दुरून, स्वच्छ डोळ्यांनी पाहावा, ही या दोघांची रीत. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन मजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्राची जी राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, तिच्या २०२२ च्या नियमांनी मात्र भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळून टाकले. म्हणजे जातीविषयी तो निबंध लिहू पाहणारा आजचा विद्यार्थी त्या शिष्यवृत्तीला अपात्र ठरेल. याच शिष्यवृत्तीसाठी २०२५-२६ साली १०६ जणांची निवड झाली आणि जुलै २०२५ मध्ये पत्रे मिळाली ती प्रथम चाळीस जणांना. उरलेल्यांना सांगण्यात आले की निधी उपलब्ध झाला तर पाहू. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होतात. नया नगरची मुलगी आणि एखाद्या दलित वस्तीतला हा निवडलेला मुलगा यांची रांग एकच आहे, हे दोघांनाही अद्याप कोणी सांगितलेले नाही.

मुलीच्या शिक्षणाचा विषय निघाला की ‘त्यांच्यात मुलींना पाठवत नाहीत’ असे एक वाक्य आपल्याकडे तयार असते. कोकण किनाऱ्यावरील जंजिरा संस्थानच्या बेगमेची बहीण अतिया फैजी १९०६ साली शिक्षकी पेशाचे शिक्षण घेण्यासाठी सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेली आणि तिने तेथून लिहिलेली रोजनिशी लाहोरच्या उर्दू स्त्री-साप्ताहिकात छापली गेली, पुढे तिचे पुस्तकही झाले. ती श्रीमंत घरची होती हे मान्य. नया नगरातील शिंपी तसा नाही. तरी तो मुलीसाठी घराचा कागद घेऊन बँकेच्या पायऱ्या चढतो.

एक गोष्ट आमच्या वाचकांपाशी स्पष्ट बोललीच पाहिजे. परदेशी जाणारा प्रत्येक अभ्यासक्रम घर गहाण टाकण्याच्या योग्यतेचा नसतो. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील अनेक विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवरच उभी आहेत आणि विद्यार्थी आणून देणाऱ्या दलालांना ती दलाली देतात. ‘मार्गदर्शन मोफत’ अशी पाटी लावणारा कोणाच्या पैशाने मोफत बसला आहे, हे विचारून घ्यावे. वडिलांच्या पिढीला आखाताचा व्हिसा विकणारा एजंट आणि मुलांना प्रवेशपत्र देणारा सल्लागार यांच्यात टाय सोडली तर फारसे अंतर नाही. ज्या विषयाचे चांगले शिक्षण मुंबईत, पुण्यात, हैदराबादेत वा दिल्लीत मिळते, त्यासाठी तीस लाखांचे कर्ज काढू नये, असेच आम्ही या मुलांना सांगू. पण हा सल्ला द्यायचा अधिकार आपल्याला तेव्हाच, जेव्हा देशातील त्या संस्थांची दारे त्यांना उघडी असतील. उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीनुसार २०२०-२१ या एका वर्षात मुसलमान विद्यार्थ्यांची संख्या २१ लाखांवरून १९ लाख २१ हजारांवर घसरली.

देशांतर्गत निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज देण्याची योजना केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. तेव्हा तारणाशिवाय कर्ज देणे अशक्य आहे, असे आता कोणी म्हणू नये. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे अल्प व्याजाने शैक्षणिक कर्ज देण्याचे काम आहेच. राज्याने त्याला परदेशी शिक्षणाच्या बँककर्जाला जामीन राहण्याचा अधिकार आणि निधी द्यावा. ‘पढो परदेश’चे व्याज राज्याने आपल्या तिजोरीतून भरावे, आणि ज्याने ठराविक वर्षे राज्यातील शाळा, रुग्णालय वा विद्यापीठात काम केले त्याचे मुद्दलही हप्त्याहप्त्याने माफ व्हावे. शिष्यवृत्तीच्या निवडीची यादी मे महिन्यात लागावी. मीरा-भाईंदर महापालिका आणि सहकार खाते यांनी मानीव अभिहस्तांतरणाची व भोगवटा प्रमाणपत्रांची शिबिरे नया नगरात भरवावीत. त्याला नव्या कायद्याची गरज नाही. यासाठी निवेदने झाली, आता मोर्चा काढावा लागला तर तो नया नगरातून एकटा निघू नये. शिष्यवृत्तीच्या पत्राची वाट पाहणारी इतर वस्त्यांतली मुलेही त्यात असावीत.

त्या मुलीचा अर्ज दुसऱ्या एका बँकेत आहे. विद्यापीठाने तिची जागा जानेवारीपर्यंत राखून ठेवली आहे. सोसायटीच्या चिटणिसांनी अभिहस्तांतरणासाठी प्रत्येक सभासदाकडून वर्गणी मागितली आहे आणि चाळीस घरांपैकी एकोणीस घरांची आली आहे.